गहाळ नाही, चोरीच! पोलीस लिहून घेत नसतील तर कोर्टात काय मागायचं?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

नमस्कार. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहतो. सासरे आणि नवरा मासेमारी करतात. छोटी होडी आहे, तिला आउटबोर्ड इंजिन. पावसाळ्याची बंदी लागली की होडी वर ओढून शाकारतो आणि इंजिन, जाळी किनाऱ्यावरच्या खोपीत ठेवतो. खोप चिऱ्याची आहे, वर पत्रा, दाराला कुलूप. जुलैत एका सकाळी मी खोपीकडे गेले तर कुलूप तुटलेलं आणि इंजिन नाही. इंजिन सासऱ्यांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज काढून घेतलेलं, हप्ते अजून चालू आहेत.

नवऱ्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "चोरीचं लिहिलं तर तुम्हालाच फेऱ्या पडतील. गहाळ लिहितो, दाखला मिळेल, सोसायटीला तेवढा पुरतो." आम्ही सही केली. आठवड्याने दिरांच्या मित्राने खाडीपलीकडच्या एका गॅरेजात तसंच इंजिन पाहिलं. झाकणावर आम्ही मारलेली निळी पट्टी होती म्हणतो. ते सांगायला गेलो तर "बघतो" एवढंच. संशय गावातल्याच एका मुलावर आहे, पण त्याचे काका पुढारी. आमदारांच्या कार्यालयात अर्ज दिला, ऑनलाइन तक्रार केली. गावकीत विषय निघाला तेव्हा "केस करू नका, गावात मिटवू" म्हणाले. मिटवलं काहीच नाही. आता एक वकील म्हणतात, "१५६(३) टाकू", फी तीस हजार सांगतात. कोर्ट खरंच पोलिसांना गुन्हा नोंदवायला लावू शकतं का? संशयिताचं नाव द्यावं लागतं का? पोलीस डूख धरतील का? आणि इंजिन मिळेल का? सीझन सुरू झाला, नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातोय.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात काका, हवालदार, आमदार, गावकी अशी बरीच माणसं आहेत. मला त्यातली सगळ्यात कामाची वाटली ती गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: खोप चिऱ्याची आहे आणि कुलूप तुटलेलं होतं. तुमचं पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर उभं राहणार आहे. कसं, ते सांगते.

हरवलेली वस्तू कुलूप तोडून बाहेर जात नाही. 'गहाळ' लिहिलं की पोलिसांच्या दप्तरी गुन्हाच घडलेला नसतो, म्हणून तपासही नसतो. सिम कार्ड किंवा मार्कशीट हरवली तर तो दाखला ठीक आहे. इथे मात्र त्या एका शब्दाने तुटलेलं कुलूपच कागदावरून गेलं. तरीही दाखला फाडू नका. त्यावर तारीख आहे. उद्या कोणी विचारलं की इतके दिवस गप्प का बसलात, तर घटनेनंतर लगेच तुम्ही पोलिसांकडे गेला होतात याचा तुमच्याकडे असलेला हाच एक कागदी पुरावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये साधी चोरी आहे, तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण माणसं राहतात किंवा माल ठेवतात अशा इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. तुमची खोप माल ठेवायचीच जागा आहे. त्यात रात्री कुलूप तोडून चोरीसाठी कोणी आत शिरला असेल तर कलम ३३१(४), म्हणजे चौदा वर्षांपर्यंत. हे सगळे दखलपात्र गुन्हे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस ज्यांचा तपास करू शकतात असे. म्हणून अर्जात नुसतं 'खोपीतून' असं लिहून सोडू नका. चिऱ्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, लाकडी दार, कडी आणि कुलूप हे एकेक लिहा. झापांचा नुसता आडोसा असता तर ती 'इमारत' का, यावर वाद घालता आला असता. चिऱ्याच्या खोपीबद्दल तो वाद टिकणं कठीण.

कलमांचा आणखी एक उपयोग आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात आणि मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवतात. साधी चोरी त्या चौकटीत बसते. ३०५ आणि ३३१(४) बसत नाहीत. "आधी चौकशी, मग बघू" असं उत्तर आलं तर ही गोष्ट शांतपणे सांगा. आणि त्या चौकशीलाही मुदत चौदाच दिवसांची आहे. तुमचं 'बघतो' किती दिवस चाललंय ते तुम्हीच मोजा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे. चौकशीला जागा ठेवली ती कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, डॉक्टरांचा हलगर्जीपणा, भ्रष्टाचार किंवा फार उशिरा आलेली तक्रार अशा मोजक्या प्रकारांत. कुलूप तोडून नेलेलं इंजिन त्यांत येत नाही.

तर कोर्ट पोलिसांना सांगू शकतं का? हो. वकील ज्याला १५६(३) म्हणतात, ते जुन्या प्रक्रिया संहितेतलं पोलिसांना तपासाचा आदेश देण्याचं कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७५(३) आहे. बार रूममध्ये अजून जुनाच आकडा चालतो, त्यावरून त्यांना नावं ठेवू नका. पण आज तुमचा अर्ज दाखल केला तर तो बहुधा फेटाळला जाईल, कारण मधली पायरी तुम्ही चढलेलाच नाहीत. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना (एसपींना) लेखी माहिती पाठवायची आणि तिथेही काही झालं नाही तरच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं, असं कलम १७३(४) सांगतं. आमदारांचं कार्यालय आणि ऑनलाइन तक्रार या पायरीत धरली जात नाही. आपल्याकडे लोक पालकमंत्र्यांपर्यंत जाऊन येतात आणि एसपींना एक साधं पाकीट टाकायचं राहून जातं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पक्षकार आला की पहिला प्रश्न तोच विचारते.

सुरुवात ठाण्यापासूनच करा, कारण आज तिथे तुमच्या सहीचा कागद आहे तो 'गहाळ'चा. एक पानी अर्ज लिहा. कोणत्या तारखेला संध्याकाळी खोप बंद केली, कोणी केली, सकाळी कोणी काय पाहिलं, इंजिन कोणत्या कंपनीचं, किती हॉर्सपॉवरचं, नंबर काय, किंमत किती. 'गहाळ' ही नोंद आमच्या सांगण्याप्रमाणे नाही, आम्ही चोरीच सांगितली होती, हे एका वाक्यात. गॅरेजात कोणी, कधी, काय पाहिलं तेही. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. देत नसतील तर भांडत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मग तीच हकिकत, अर्जाची प्रत आणि दाखल्याची झेरॉक्स जोडून एसपींना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि पोचल्याची नोंद नेटवरून छापून ठेवा. किती थांबायचं ते कायद्यात लिहिलेलं नाही. मी साधारण पंधरा दिवस थांबायला सांगते. पुष्कळदा एसपी कार्यालयातून खाली फोन जातो आणि गुन्हा नोंदवला जातो. मग कोर्टाचं कामच उरत नाही आणि तीस हजारांचंही.

नाही झालं तर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत शपथपत्र हवंच. २०१५ साली प्रियांका श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक ठरवलं आणि आता ते कायद्यातच लिहिलेलं आहे. अर्ज दिला आणि त्याच दिवशी आदेश हातात, असंही होत नाही. नव्या कलमात न्यायदंडाधिकाऱ्यांनी गरज वाटेल ती चौकशी करायची आणि पोलिसांचं म्हणणंही विचारात घ्यायचं आहे. म्हणजे पोलिसांचा 'से' मागवतील, एकदोन तारखा पडतील. त्या 'से'मध्ये "अर्जदाराने स्वतः गहाळ अशी माहिती दिली" असं येणार, हे आत्ताच धरून चाला. त्याला उत्तर म्हणजे वरचा शिक्क्याचा अर्ज.

आता ज्यासाठी मी हे सविस्तर लिहायला घेतलं ते. बहुतेक अर्ज चार पानं पोलिसांवर आणि चार ओळी गुन्ह्यावर खर्च करतात. हवालदार कसे बोलले, किती वेळ बाकड्यावर बसवलं, कोण कोणाचा पुतण्या. वाचणाऱ्या न्यायाधीशांना त्यातून काहीच मिळत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: हे काम पोलिसांकडेच का द्यायचं? तक्रारदाराची साक्ष घेऊन कोर्ट स्वतःच का पुढे जाऊ नये? जानेवारी २०२५ मध्ये ओमप्रकाश आंबडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं की असे आदेश यांत्रिकपणे द्यायचे नाहीत, पोलीस तपासाची खरंच गरज आहे का ते पाहायचं. म्हणून अर्जाचा गाभा हा ठेवा: आमच्याने होणार नाही आणि पोलिसांनाच करता येईल असं काय आहे.

तुमच्याकडे ते भरपूर आहे. गॅरेजातलं इंजिन पंचनामा करून जप्त करणं. इंजिनावरचा नंबर बिलाशी ताडून पाहणं, घासलेला असेल तर तज्ज्ञाकडून तपासणं. गॅरेजवाल्याला ते कोणी आणून दिलं ते विचारणं. खाडी ओलांडताना तरीवर, म्हणजे फेरीबोटीवर, किंवा धक्क्यावर कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण आणि संशयिताच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्ड. यातलं एकही काम तुम्ही किंवा तुमचे वकील करू शकत नाहीत. हे मुद्दे नसले तर न्यायाधीश तुमचा अर्ज खाजगी फिर्याद म्हणून घेऊ शकतात. मग तुमचा शपथेवर जबाब, साक्षीदारांचे जबाब, आणि नव्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी. मारहाणीच्या किंवा बदनामीच्या तक्रारीला तो रस्ता चालतो. चोरीच्या मालाला चालत नाही. नोटीस पोचायच्या आत इंजिन खाडीत किंवा दुसऱ्या जिल्ह्यात.

कॅमेऱ्यावरून आठवलं, जुनं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. तरीचा ठेकेदार, सोसायटी, वाटेवरचं दुकान, ज्यांचे कॅमेरे असतील त्यांना त्या तारखेचं चित्रण जपून ठेवा असं लेखी कळवा, अगदी आज. एसपींच्या पत्रासाठी थांबू नका.

नावाचं म्हणाल तर द्यावंच लागतं असं नाही. अज्ञात इसमाविरुद्धही गुन्हा नोंदवला जातो. तुम्ही त्या मुलाला चोरताना पाहिलेलं नाही. शपथपत्रात "त्याने चोरलं" असं लिहिलंत आणि ते खोटं ठरलं तर शपथेवर खोटं सांगितल्याचं लचांड तुमच्या मागे लागेल. "आमचा अमक्यावर संशय आहे, कारण…" असं लिहा आणि कारण सांगता येत नसेल तर नावच घालू नका. गॅरेजची बातमीही तुम्हाला ऐकीव आहे. ती ऐकीव म्हणूनच लिहा आणि ज्याने इंजिन पाहिलं त्या मित्राचं वेगळं शपथपत्र जोडा. तो तयार होत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. आणि काही झालं तरी चार पोरं घेऊन पलीकडे इंजिन आणायला जाऊ नका. आज तुम्ही फिर्यादी आहात. उद्या दंग्याच्या गुन्ह्यात आरोपी व्हाल, आणि त्या गुन्ह्याचा कागद फार चटकन तयार होतो.

हवालदारांना अर्जात आरोपी करू नका. सरकारी नोकराविरुद्ध तक्रार आली की कलम १७५(४) प्रमाणे वरिष्ठांचा अहवाल आणि त्या नोकराचंही म्हणणं पाहावं लागतं, म्हणजे इंजिन बाजूला राहतं आणि तारखा हवालदारांवर पडतात. माहिती नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगणारं न्याय संहितेचं कलम १९९ तुम्हाला कोणी दाखवेल. ते बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांपुरतं आहे, चोरीला लागू नाही. डूख धरतील का, याची हमी मी देऊ शकत नाही. पण कोर्टाने आदेश दिलेल्या गुन्ह्याच्या कागदावर वरून लक्ष असतं, आणि तुमच्या अर्जात त्यांच्याविरुद्ध शिवीगाळ नसेल तर राग धरायलाही फारसं काही उरत नाही. तपास मुद्दाम रेंगाळला तर त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तसं सांगता येतं. तपास नीट व्हावा म्हणून लक्ष घालायचा अधिकार त्यांना आहे, हे साकिरी वासू खटल्यात २००७ मध्येच स्पष्ट झालं आहे. त्यासाठी लगेच हायकोर्ट गाठायची गरज नसते.

अर्जदार कोणी व्हायचं? इंजिन सासऱ्यांचं असलं तरी गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतं, आणि तुटलेलं कुलूप पहिल्यांदा तुम्ही पाहिलंत. तुम्हीच व्हा. याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोन करायचा तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मोफतचा वकील म्हणजे कच्चा वकील हा समज मला मान्य नाही. या पॅनलवर माझ्याहून जास्त तळमळीने काम करणारे मी पाहिलेत. तरी त्या ओळखीच्या वकिलांकडेच जायचं असेल तर फीमध्ये काय काय धरलंय ते आधी विचारा: नुसता अर्ज, की पुढे इंजिन सोडवून घेण्यापर्यंत.

गावकीबद्दल मात्र पत्र टाकायच्या आधी घरात बसून बोला, विशेषतः सासऱ्यांशी. साधी चोरी मालकाला कायद्याने मिटवता येते. कलम ३०५ आणि ३३१(४) लागली की ते तुमच्याही हातात राहत नाही आणि गावकीच्याही. नंतर दोघांचं जुळलं तरी गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचला आहे, मुंबईला नाही, पण खेप ती खेपच. एकाच पाखाडीत राहायचं, पालखीला एकत्र यायचं, हे मला कळतं. माझं मत विचाराल तर आणखी थांबू नये. गावकीला मिटवायचं असतं तर इतक्या दिवसांत इंजिन तुमच्या पडवीत येऊन पडलं असतं. पण गावात राहायचं तुम्हाला आहे, तेव्हा हा निर्णय माझ्या मतावर सोडू नका.

आदेश झाला की ठाण्याला गुन्हा नोंदवावाच लागतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे. अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, त्याला नव्वद दिवसांची मुदत.

आणि इंजिन? ते अजून त्या गॅरेजात असेल की नाही, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. सापडलं तर मुद्देमाल म्हणून जप्त होईल, पण खटला संपेपर्यंत ठाण्याच्या आवारात गंजत पडायची गरज नाही. फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन कोर्ट ते मालकाच्या ताब्यात देऊ शकतं. हा अर्ज सासऱ्यांच्या नावाने, बिल आणि होडीचे कागद जोडून करायचा. अडतं ते इथेच. बिल ओलीत भिजलेलं असतं किंवा दुकानदाराने नंबरच लिहिलेला नसतो. कर्ज सोसायटीचं आहे, म्हणजे बिलाची प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये असण्याची शक्यता मोठी. मत्स्य परवाना अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही होडीची नोंद करताना इंजिनाचा तपशील दिलेला असू शकतो. दोन्हीकडून सही-शिक्क्याची प्रत काढा आणि त्यावरचा नंबर पाहिल्याशिवाय एसपींचं पाकीट चिकटवू नका.